दोराचं दुसरं टोक

१

दर शनिवारी साडेनऊला लोरेन एकहोम आपल्याच आजोबांच्या घराचं कुलूप काढून आत शिरायची आणि पाहुण्यांसाठी खिडकीत ‘उघडे आहे’ची पाटी लावायची. घर आता काउंटीच्या इतिहास मंडळाचं होतं. लोरेनकडे उरली होती किल्ली, फडकं आणि आडनाव. तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना राजम्याची चिली आणि दालचिनीचे रोल वाढून ती निवृत्त झाली होती. लग्न केलं नव्हतं. सदुसष्टाव्या वर्षी ती काउंटीतली शेवटची एकहोम होती आणि हे ती कुणाला विसरू देत नसे.

पोलार्ड काउंटीत बघण्यासारख्या जागा मोजून तीन. टपालगाड्यांचा थांबा, ज्याचं जोतं तेवढं उरलंय. घोडदळाचं दगडी टाकं, ज्यात हल्ली लोक बिअरचे रिकामे डबे टाकतात. आणि हे घर. पहिल्या दोन्हीकडे काळं कुत्रंही फिरकत नाही. या घरासाठी मात्र हमरस्त्यावर कॅन्सस राज्यानं पाटी लावली आहे, कारण इथे अकरा पोरांचा जीव वाचला.

ती गोष्ट लोरेन कणीक मळतामळतासुद्धा सांगू शकली असती. जानेवारी १८८६. भरदुपारी बर्फाचं वादळ आलं. शाळा घरापासून अडीचशे पावलांवर, पण त्या वादळात माणसं घरातून गोठ्यात जाताना वाट चुकून मेली होती. निल्स एकहोम यांनी दोराचं एक टोक घरातल्या चुलीच्या लोखंडी पायाला बांधलं, दुसरं आपल्या कमरेला, आणि ते बाहेर पडले. दोर शाळेपर्यंत पुरला नाही. संपला तिथे ते उभे राहून हाका मारत राहिले. शाळेची बाई पोरांना घेऊन हाकेच्या रोखानं आली, दोर हाती लागला, आणि दोर धरून एकेक जण या दारातून आत आला. अकरा पोरं, बारावी बाई. बाहेर कोणी राहिलं नाही.

“माझे वडील तेव्हा पाच वर्षांचे, इथेच चुलीपाशी बसले होते,” लोरेन शेवटी सांगायची. “पुढे जन्मभर, बर्फ पडायला लागलं की ते दाराशी खुर्ची टाकून जेवायचे आणि एक हात दारावर ठेवायचे. कुणी वाट चुकलेला आला तर चाहूल लागावी म्हणून.”

इथे बायका हमखास डोळे पुसत. दोर समोरच काचेच्या पेटीत, वेटोळं करून ठेवलेला.

नव्या वर्षाच्या पहिल्या शनिवारी ती पेटीची काच पुसत होती. एका कोपऱ्यातला ओलावा काही केल्या जाईना. तिनं जोर लावून पुसलं, मग चष्मा लावून पाहिलं. ओल आतून होती. पेटीला आठ स्क्रू होते आणि ते १९५१ पासून कुणी फिरवले नव्हते. आत शंभर वर्षांचा कोरडा ठणठणीत दोर, पण त्याचं एक टोक भिजलेलं होतं. त्यातून थेंब ओघळून खालच्या हिरव्या कापडावर डाग पडला होता.

काचेला घाम येतो, तिनं स्वतःला सांगितलं. हीटर जुना आहे. पण घाम आला तर सगळ्या काचेला यावा. एकाच टोकाला कसा?

२

“हाच दोर वापरायचा, लोरेनबाई,” वेंडेल क्रूस म्हणाला. “शंभर वर्षं झाली. या खेपेला दुकानातला नायलॉनचा नको.”

वेंडेल इतिहास मंडळाचा अध्यक्ष होता. ट्रॅक्टर विकायचा आणि इतिहासही त्याच आवाजात सांगायचा. दर जानेवारीत गावच्या शाळेतली अकरा पोरं जुन्या शाळेच्या जागेवरून दोर धरून या घरापर्यंत चालत येत. लोरेन दारात उभी राहून मोठ्यानं मोजायची. बारा झाले की ‘सगळे आले!’ म्हणून दार लावायची, आणि मग कॉफी. यंदा शताब्दी होती. त्यात पितळी फलकाचं अनावरण आणि राज्याच्या राजधानीतून, टोपेकाहून, येणारे दोन साहेब.

“फलक कुठे लावताय?” लोरेननं विचारलं.

“अंगणात, त्या बुजवलेल्या विहिरीच्या गोल जागेवर. तिथली माती खचलेली आहे, खणायला सोपी.”

“म्हणजे आमच्या म्हाताऱ्याच्या विहिरीच्या डोक्यावरच,” मागून एमिल हुर्का म्हणाला आणि खोकतखोकत हसला.

एमिल सत्तर वर्षांचा, चणीनं बारका, मंडळाच्या इमारतींची डागडुजी करणारा. तो आणि लोरेन एकाच शाळेत शिकले होते. त्याचे आजोबा मतेय हुर्का बोहेमियातून आलेले, विहिरी खणणारे. त्या हिवाळ्यात ते एकहोमांच्या अंगणात विहीर खणत होते. वादळाच्या आठवड्यात ते बायको आणि तीन पोरं मागे टाकून नाहीसे झाले. कोलोरॅडोच्या खाणीत पळाला, लोक म्हणाले. पळपुट्याची विहीर नको म्हणून निल्स एकहोम यांनी वसंतात ती अर्धवट विहीर बुजवून टाकली. तेव्हापासून काउंटीत कुणी काम अर्धवट टाकून गेला की म्हणतात, ‘त्यानं हुर्का केला.’ लग्नाच्या दिवशी गायब झालेल्या नवऱ्याबद्दलही हेच म्हणतात. एमिलनं ते शाळेत ऐकलं, लष्करात ऐकलं, चर्चमध्येसुद्धा ऐकलं.

“एमिल, तू निल्सचं सोंग घे,” वेंडेल म्हणाला. “टोकाला उभा राहा. पण शेवटी हुर्का करू नकोस म्हणजे झालं!”

वेंडेल आपल्या विनोदावर खूश होऊन हसला. एमिलही हसला. लोरेनही हसली, पन्नास वर्षं हसत होती तशी.

वेंडेल गेल्यावर एमिलनं खिशातून एक पाकीट काढलं. “लेडव्हिलच्या दफनभूमीचं उत्तर आलं. तिथे हुर्का नाही. आता गनिसनला लिहितो.”

चाळीस वर्षं तो कोलोरॅडोच्या एकेका गावाला पत्र पाठवत होता. आजोबांची कबर सापडावी एवढंच त्याला हवं होतं. बाप मरताना त्याला म्हणाला होता, माझ्या बापाला शोध आणि विचार, आम्ही तुझं काय बिघडवलं होतं.

“किती गावं राहिली?” लोरेननं विचारलं.

“गावं पुष्कळ आहेत. माझे दिवस मात्र डॉक्टरनं मोजून दिलेत,” एमिल म्हणाला, आणि पेटीचे स्क्रू काढायला बसला.

३

दोर अंगणात मोजायचं ठरलं. लोरेन कापलेलं टोक धरून दारात उभी राहिली. हे टोक असं सुरीनं कापल्यासारखं का, असं पाहुणे विचारत तेव्हा ती सांगायची, लोकांनी आठवण म्हणून तुकडे कापून नेले. तिच्या वडिलांनीच तिला तसं सांगितलं होतं. आता हातात घेतल्यावर तिला दिसलं की टोक एकदाच कापलेलं होतं.

दुसऱ्या टोकाला कमरेएवढा फास होता. एमिलनं तो डोक्यावरून घालून कमरेत बसवला.

“बघ, अगदी मापानं शिवल्यासारखा!”

“आजोबा तेव्हा बारीक असतील,” लोरेन म्हणाली.

दोघांनीही उघड्या दारातून आत पाहिलं. खुंटीवर निल्स एकहोम यांचा कोट होता. त्यात एमिलसारखे दोन मावले असते.

“अगं, तुझ्या आजोबांची मांडीसुद्धा यात शिरली नसती,” एमिल म्हणाला. त्यानं गाठ बोटांनी चाचपली. “ही आमच्याकडची गाठ आहे, लोरेन. विहिरीत उतरताना बसायचा फास. माझा बापही असाच बांधायचा. एक झटका म्हणजे थांब, दोन म्हणजे खाली सोड, तीन म्हणजे वर घे. खाली माणूस ओरडला तरी वर ऐकू येत नाही ना. बोलायचं ते दोरानं.” मग त्याला आपोआप कारण सुचलं. “म्हाताऱ्यानं शिकवली असेल तुझ्या आजोबांना. पळायच्या आधी. एवढं तरी भलं करून गेला म्हणायचं.”

एमिल गवतातून शाळेच्या दिशेनं चालत गेला. दोर सरसरत तिच्या पायांजवळून गेला आणि ताणला. एमिल सुक्या मक्याच्या धाटांमागे दिसेनासा झाला.

मग तिच्या हातात झटका बसला. एक, दोन, तीन. मध्ये सारखंच अंतर.

“पुरे झाला चावटपणा!” ती ओरडली.

परत तीन. पहिल्याहून मऊ, दमल्यासारखे.

दोर हातातून न सोडता ती चिडून पुढे गेली. धाटांपलीकडे एमिल दहा पावलं दूर, कुंपणाला टेकून, दोन्ही हातांनी रुमाल तोंडावर धरून खोकत होता. फास जमिनीवर पडला होता. कधीच काढून ठेवला होता, दव पडलेल्या गवतावर. दोर मात्र लोरेनच्या मुठीत ताठ होता. ती बघत असतानाच तो सैल पडला.

“वारा,” ती एमिलला म्हणाली, त्यानं काही विचारलं नसतानाही.

४

सोमवारी ती एकटीच आली. संग्रहालय बंद असायचं, येण्याचं कारण नव्हतं. ती स्वतःला म्हणाली, चांदीचे चमचे घासायचे राहिलेत.

चमचे तिनं काढलेसुद्धा नाहीत. दोराचं कापलेलं टोक तिनं चुलीच्या पायाला बांधलं, दोर दारातून बाहेर नेला, पलीकडचा फास अंगणातल्या खांबात अडकवला आणि आत येऊन दार लावलं. दार लागलं नाही. दोराची जाडी दोन बोटांएवढी. चौकट आणि दार यांच्यामध्ये दोन बोटं फट राहिली आणि तिच्यातून वारा सुरीसारखा आत आला. तिनं खांद्यानं रेटलं. फट तेवढीच.

वडील १९५७ मध्ये गेले. शेवटचे तीन दिवस ते एकच बोलत होते. ‘तीनदा, लोरेन. तीनदा. दार लागत नव्हतं.’ ती उशाशी बसून म्हणायची, ‘हो बाबा, लागेल दार.’ तिला वाटलं होतं, आजोबांनी तीनदा दार लावून पाहिलं असेल.

तिनं चौकटीवर बोट फिरवलं. दोर घासत होता त्या उंचीवर रंगाचे पापुद्रे होते. पांढरा, हिरवा, पुन्हा पांढरा. त्याच्या खाली लाकडात खाचा होत्या. बारीक, एकीवर एक, घाईघाईनं सुरी चालवलेल्या. दर दोन-चार वर्षांनी वडील फक्त हीच चौकट का रंगवत, हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

ती खाली बसली. समजायला फारसं काही उरलं नव्हतं. दोर ज्याचा होता त्याच्याच कमरेला होता. निल्स एकहोम घराबाहेर पडलेच नव्हते. वादळात पोरांना हाक ऐकू आली होती, चेहरा कुणालाच दिसला नव्हता. ते दारात उभे राहून मोजत होते. बारा मोजून झाले, मोजणी पुरी झाली, पोरं गारठली होती, दार लागत नव्हतं. आणि टोकावरचा माणूस, पाय निकामी झालेला, डोळ्यांत बर्फ गेलेला, त्याला येत असलेल्या एकाच भाषेत सांगत होता. वर घे. वर घे. वर घे.

आणि दोर जर कापला गेला होता, तर अख्खाच्या अख्खा, फासासकट, या घरात परत कसा आला? वसंतात तो कुणाच्या कमरेतून सोडवून आणला? तिनं खिडकीतून अंगणातल्या त्या खचलेल्या गोलाकडे पाहिलं आणि पटकन पडदा ओढला.

बाहेर खांबाचा कुरकुर आवाज आला. एकदा. आणि पुन्हा दोनदा.

तिनं तिकडे न बघता चुलीच्या पायाची गाठ सोडली आणि दोर दाराबाहेर ढकलून दार लावलं.

५

मंगळवारी तिनं सफरचंदांचं सारण भरून ‘ॲपल पाय’ भाजला आणि तो घेऊन एमिलच्या घरी गेली. आज सांगायचं, असं ठरवूनच. रस्ताभर वाक्य जुळवत होती. ‘एमिल, कोलोरॅडोला लिहू नकोस.’ एवढं पहिलं वाक्य जमलं होतं.

एमिल टेबलाशी बसून पत्र लिहीत होता. भिंतीवर त्याच्या आजीचा फोटो. कपडे धुऊन धुऊन सुजलेले हात मांडीवर ठेवून बसलेली बाई.

“ये, ये. पाय आणलास? म्हणजे नक्कीच काही वाईट बातमी आहे,” तो म्हणाला. “माझी बायको गेली तेव्हा तू दोन आणले होतेस.”

“उगीच आणला. सफरचंदं खराब होत होती.”

“आजीला कुणी कधी पाय नाही आणून दिला,” एमिल फोटोकडे बघत म्हणाला. “लोक म्हणायचे, हिच्यातच काही खोट असेल, त्याशिवाय का नवरा पळतो? बर्फ पडलं की ती दिवा खिडकीत ठेवायची. शेजारी हसायचे. कोलोरॅडोहून दिसतो का गं दिवा, म्हणायचे. तुझ्या आजोबांनी तिला एक गाय दिली होती बरं का. न मागता. एकहोम म्हणजे देवमाणूस, आमच्या घरात हे कायम म्हटलं जायचं.”

लोरेनला पहिलं वाक्य पाठ होतं. पण तिच्या डोळ्यांपुढे आली ती हमरस्त्यावरची पाटी, तिच्यावरचं नाव, शाळेतल्या भिंतीवरचं निल्सचं चित्र, टोपेकाचे साहेब. मग शनिवारी ती कुठे जाईल? किल्ली कुणाकडे राहील? तिच्याकडे दुसरं होतंच काय. शंभर वर्षांच्या लबाडीवर ती अंथरूण घालून झोपली होती आणि आता तिला जमीन कडक लागत होती. तिला स्वतःची किळस आली.

“समारंभानंतर तुझ्याशी बोलायचंय,” ती म्हणाली.

“आता बोल की.”

“समारंभानंतर.”

“बरं बाई. मी कुठे पळून जातोय,” एमिल म्हणाला, आणि आपणच काय बोललो ते लक्षात येऊन मोठ्यानं हसला.

६

शनिवारी दुपारी दोन वाजता आभाळ जस्ताच्या पत्र्यासारखं झालं. रेडिओनं संध्याकाळचं बर्फ सांगितलं होतं. ते साडेतीन तास आधी आलं, आडवं, जमिनीलगत, उत्तरेकडून.

घरात साठ माणसं दाटीवाटीनं उभी होती. कॉफीचा वास, ओल्या लोकरीचा वास. टेबलावर लोरेनचे दालचिनीचे रोल आणि ते कापायची लांब सुरी. पोरं, त्यांची शाळेतली तरुण बाई आणि एमिल पंधरा मिनिटांपूर्वीच शाळेच्या जागेवर पोचले होते. एमिलच्या अंगात निल्सचा कोट होता, गुडघ्याखाली आलेला, आणि कोटावरून फास. जाताना तो लोरेनला म्हणाला होता, “कसा दिसतो तुझा आजोबा?”

“त्यांना घरीच बोलावून घेऊ या,” कुणी तरी म्हणालं. “हे खरंच वादळ आहे.”

“दोर आहे ना,” वेंडेल टोपेकाच्या साहेबांकडे बघत म्हणाला. “मागवूनसुद्धा असं हवामान मिळालं नसतं!”

दार उघडं होतं. चुलीच्या पायापासून दोर दारातून निघून पांढऱ्यात घुसला होता. दहा पावलांपलीकडे काही दिसत नव्हतं. मग दोर धरलेला एक लाल हातमोजा दिसला, आणि मागोमाग रडवेला चेहरा.

“एक!” लोरेन म्हणाली.

पोरं येत गेली. भुवयांवर बर्फ, नाकं लाल. तिनं एकेकाला खांद्याला धरून आत ओढलं. नऊ. दहा. अकरा. शेवटी तरुण बाई.

“बारा!”

“सगळे आले!” सगळ्यांनी एका सुरात म्हटलं, दरवर्षीसारखं. टाळ्या झाल्या.

“एमिल?” लोरेन म्हणाली.

“इथे आहे की,” तिच्या पाठीमागून आवाज आला. एमिल मागच्या दारानं आला होता. कोट बर्फानं पांढरा, हातात कुणी तरी दिलेला कॉफीचा कप. “बाई शेवटी निघाल्या तसा फास तिथेच जमिनीवर काढून ठेवला आणि कुंपण धरून आलो. हात लाकूड झाले.”

“दार लावा!” चुलीजवळून बायका ओरडल्या. एक लहान मुलगी हमसून हमसून रडत होती. दिव्याची वात वाऱ्यानं विझली. लोरेननं दार लोटलं. दोर मध्ये आला. दोन बोटं फट.

“अहो, दोर आत ओढून घ्या,” वेंडेल म्हणाला.

लोरेननं दोर ओढला. आला नाही. तिनं दोन्ही हातांनी ओढला. तो ताठ होता, चुलीपासून फटीपर्यंत, फटीपासून बाहेर, आणि त्याला जरासुद्धा झोळ नव्हता.

मग झटका बसला. चुलीवरचं कॉफीचं भांडं खणखणलं. दुसरा. तिसरा.

खोलीत सगळे बोलत होते, पोरांची नाकं पुसत होते. कुणाचं लक्ष नव्हतं. एकट्या एमिलनं कप हळूच टेबलावर ठेवला.

“लोरेन,” तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला. “मी तर आत आहे.”

तिनं फटीतून पाहिलं. वारा क्षणभर बाजूला झाला. दोर जमिनीच्या दिशेनं तिरका गेला होता, आणि जिथे तो संपत होता तिथे काही तरी बसकं होतं. गुडघ्यांवर असलेल्या माणसाच्या उंचीचं. एक हात दोरावर होता. दुसरा हात वर होता, बर्फातून वर आलेला, वर घ्यायला सांगणारा. चेहऱ्याच्या जागी बर्फच होता. मग पांढरं पुन्हा मिटलं.

तीन झटके. मऊ.

“वर घे म्हणतोय,” एमिल म्हणाला. तो दोराला हात घालत होता. “ओढ, लोरेन. मी पण धरतो. अगं, ओढ!”

“दार लावा ना हो, पोरं काकडली!” कुणीतरी ओरडलं. वेंडेल हसत होता, टोपेकाच्या साहेबांना काही तरी सांगत होता. खिडकीबाहेर फलकावरचं कापड वाऱ्यानं फडफडत होतं, आणि त्याच्याखाली पितळेत कोरलेलं होतं की बाहेर कोणी राहिलं नाही.

ओढला असता तर तो आला असता. हे तिला नीट कळत होतं. साठ माणसांसमोर, उंबऱ्यावर आला असता.

सुरी हाताशी होती. तिनं ती कधी उचलली हे तिला नंतर आठवेना. जुन्याच खाचांवर पातं कसं नेमकं बसलं तेवढं आठवत राहिलं. दोर जुना होता, चार घासांत तुटला. टोक फटीतून सळकन बाहेर गेलं. दार धाडकन लागलं.

खोलीत एकदम ऊब आली. आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना वाटलं, शताब्दीचं खास काही तरी आहे.

“वा, लोरेनबाई!” वेंडेल म्हणाला. “जिवंत करून दाखवलंत!”

एमिलनं टाळ्या वाजवल्या नाहीत. तो चौकटीकडे बघत होता. नव्या कापाखाली रंगाचा पापुद्रा उडाला होता आणि आतल्या जुन्या खाचा उघड्या पडल्या होत्या. त्यानं त्यांवर अंगठा फिरवला, एकदा, पुन्हा एकदा. विहिरी खणणाऱ्याचा नातू तो. दोराच्या खुणा त्याला कुणी वाचून दाखवायला नको होत्या. मग त्यानं निल्स एकहोमचा कोट काढला, नीट घडी केली आणि लोरेनच्या हातात दिला.

“म्हणजे आता मी गनिसनच्या उत्तराची वाट बघू नको ना?” त्यानं विचारलं.

तिनं मान खाली घातली. तो मागच्या दारानं निघून गेला, पातळ स्वेटरवर. खोलीत कुणी तरी म्हणालं, “एमिल कुठे गेला? हुर्का केला वाटतं!” आणि सगळे हसले.

७

एमिलला मार्चमध्ये पुरलं. लोरेन गेली नाही. गनिसनच्या पत्राचं उत्तर मंडळाच्या पत्त्यावर आलं, ते तिनं न फोडता चुलीत घातलं.

समारंभानंतरच्या सकाळी बर्फ थांबल्यावर वेंडेलची माणसं दोर आणायला गेली होती. कुंपणापर्यंत आणि कुंपणापलीकडे सगळं उकरलं. दोर मिळाला नाही. कुणी तरी आठवण म्हणून नेला असेल, वेंडेल म्हणाला. पेटीत आता चुलीच्या पायाला बांधलेला तो चार हातांचा तुकडा ठेवला आहे, आणि लोक तोही बघायला येतात. लोरेन त्यांना गोष्ट सांगते. एक शब्द इकडचा तिकडे करत नाही.

पुढच्या जानेवारीत शनिवारी दुपारीच बर्फ सुरू झालं. पाहुणे आले नव्हते. लोरेननं घरून आणलेला डबा उघडला आणि कुठे बसावं ते तिला कळेना. मग तिनं वडिलांची खुर्ची ओढून दाराशी टाकली.

दाराबाहेर, फळीच्या पलीकडे, खालच्या बाजूला, काही तरी येऊन टेकलं. जड नव्हतं. दमून टेकावं तसं. फळी किंचित आत आली.

तिनं डबा खाली ठेवला आणि एक हात दारावर ठेवला. आणि तेव्हा तिला वडिलांचा तो हात आठवला, जेवताना दारावर असलेला, मनगटाच्या शिरा फुगलेला, बोटांची पेरं पांढरी पडलेली. चाहूल घ्यायला एवढा जोर लागत नाही.

वडील जन्मभर दार दाबून धरून बसले होते.

लोरेननं दुसराही हात दारावर ठेवला.